मोगऱ्यावर फवारलं नव्हतं

१८ एप्रिल २०२५, शुक्रवार

आधी एक चूक दुरुस्त करते. सोमवारच्या पानावर मी लिहिलं आहे, 'शनिवारी वहिनीने मागच्या सगळ्या झाडांना पाणी घातलं.' ते खरं नाही. वहिनीने फक्त मोगऱ्याला पाणी घातलं, तेही एकच तांब्या. मी खिडकीशी परीक्षेचा अभ्यास करत बसले होते, मला स्वच्छ दिसत होतं.

'सगळ्या' हा शब्द घाईत आला. नुसता वहीत आला असता तर खोडून मोकळी झाले असते. पण वहीत लिहायच्या आधी तोच शब्द मी मायजवळ बोलले होते.

सोमवारी सकाळी माय घरामागे गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. चारही पपयांचे शेंडे मुरडले होते. नवी पानं अरुंद, सुतळीसारखी वळलेली, देठ खाली वाकलेले. जास्वंदीचंही तसंच. मायने विचारलं, "आठे कोन उनं व्हतं?" मी म्हणाले, "वहिनीनी पानी टाकं ना बठ्ठास्ले, शनवारले." मला एवढंच सांगायचं होतं की झाडं तहानेने वाळलेली नाहीत. पण शनिवार हा वहिनीच्या पाळीचा दुसरा दिवस होता. म्हणूनच हनुमान जयंतीला घरातले बाकीचे मारुतीच्या पारावर गेले तेव्हा ती घरी राहिली होती. हे मायला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मायने मुरडलेलं पान हातात धरलं आणि उलगडून सरळ करायचा प्रयत्न केला.

वहीतली दुरुस्ती झाली. मायजवळची बाकी आहे.

२० एप्रिल, रविवार

मायला वाईट समजू नये म्हणून हे लिहून ठेवते. आमच्या घरामागे पूर्वी नुसता मुरूम होता. मायने दोन वर्षं वावरातून येताना रोज एक टोपली काळी माती डोक्यावर आणली. त्यात चार पपया, एक लिंबू, सीताफळ, दोन जास्वंदी, गुलाब. मोगरा मात्र वहिनीचा, लग्नानंतर तिने म्हसावदहून माहेरची फांदी आणून लावला. पाळीच्या दिवसांत माय स्वतःही कधी मागे गेली नाही. मी लहान होते तेव्हा ती दारात बसून सांगायची आणि मी पाणी घालायचे. तिने स्वतः पाळलेला नियम आहे, सुनेसाठी काढलेला नाही.

आज ती वहिनीला म्हणाली, "रंजिता, आतेपाईन मागला दरवाजा तुन्हा नई. पानी गायत्री टाकी."

वहिनी म्हणाली, "बरं, आत्याबाई."

शेजारच्या आशाकाकू कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "मंगलाबाई, तुमना घर सून उनी नि पपई वाकडी व्हयनी. आम्हना घर पपई सरळ शे, सूनच वाकडी." त्यांची सून तिथेच कपडे वाळत घालत होती, ती हसली. वहिनीही हसली. माय हसली नाही.

आणखी एक गोष्ट. मार्चमध्ये माय लग्नाला गेली होती तेव्हा माझ्या अडचणीच्या दिवसांत मीच तीन दिवस सगळ्या झाडांना पाणी घातलं होतं. एका पानालाही काही झालं नाही. हे मी इथे लिहू शकते.

२३ एप्रिल, बुधवार

फोनवर फोटो टाकून पाहिले. पपईवरचा व्हायरस असं उत्तर आलं. मला बरं वाटलं. व्हायरस असेल तर कुणाचाच दोष नाही. तरी खात्री करावी म्हणून चुनीलालबापूंना बोलावलं. त्यांची गावाबाहेर तीन एकर पपई आहे आणि ते माझ्या वडिलांच्या, आबांच्या वयाचे आहेत. माय दळण घेऊन गेली होती.

बापूंनी पान उलटंसुलटं पाहिलं. "व्हायरस शे, हाई कोनी सांगं?"

"फोननी."

"तुन्हा फोननी वावर देखेल शे का कधी?" मग त्यांनी जास्वंदीचा शेंडा चिमटीत धरला. "व्हायरसमा पान पिवळं पडस. हाई तर दोर वळेल शे. हाई गवत मारानी दवा शे, पोरी. मन्ही कपाशी अशीच व्हयनी व्हती, शेजारना उसमाईन उडीसन उनी व्हती."

मी म्हणाले, "आम्ही आठे गवतनी दवा मारीच नई, बापू. जास्वंद, पपई, बाकीना झाडंस्वर पांढरी कीड व्हती म्हनीसन मी निंबोळी तेल मारं. दहा तारीखले."

"कोनता पंपमा?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले. बापू जाताना म्हणाले, "तुमना घरना पंप, तुम्हले माहीत. बी.एस्सी. तू शे, मी नई."

२४ एप्रिल, गुरुवार

आमच्याकडे पाठीवरचे दोन पंप आहेत. दोन्ही निळे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. एक कीड मारायला, एक गवत मारायला. गवताच्या पंपातला अंश धुतला तरी राहतो, म्हणून तो वेगळा ठेवतात. ओळखायला त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली असायची.

फेब्रुवारीत मी पंपांची खोली साफ केली. चिंधी कळकट झाली होती, औषधाचा वास मारत होती. मी ती काढून टाकली. दोन कागदांवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'तणनाशक' आणि 'कीटकनाशक' लिहिलं आणि वरून चिकटपट्टी लावली. आबांना बोलावून दाखवलं. विचारलं, "आबा, वाचता येस ना?"

आबा कागदाकडे बघून म्हणाले, "येस ना. तूच शिकाडं."

मी सातवीत असताना त्यांना सही शिकवली होती. 'भिला' एवढंच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत टिकलं नाही. दादा चौथीतच घरी बसला, तो अक्षर लावून वाचतो. माय आणि आबा शाळेत गेलेच नाहीत. आबांना भ येतो आणि ल येतो. 'तणनाशक' शब्दात यातलं एकही अक्षर नाही. हे मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं.

आठ एप्रिलला आबांनी उसात गवताचं औषध मारलं. दहा तारखेला मी 'कीटकनाशक' लिहिलेला पंप घेतला.

पण आबांनी कोणता पंप घेतला हे मी पाहिलेलं नाही. न पाहता सांगितल्याने एकदा काय झालं ते समोर आहे. म्हणून आधी पुरावा. दोन जुन्या डब्यांत माती भरून चार-चार सरक्या लावल्या. कपाशीला हे औषध लगेच समजतं. रोपं दोन पानांची झाली की त्या पंपात साधं पाणी हलवून एका डब्यावर मारायचं, दुसऱ्यावर मारायचं नाही. पंधरा दिवस लागतील.

२६ एप्रिल, शनिवार

वहिनीचा भाऊ भाग्येश तिला अखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, न्यायला आला. सगळ्याच पोरी माहेरी जातात, त्यात नवीन काही नाही. मायने त्याला जेवू घातलं, वहिनीची ओटी भरली, खण दिला. सगळं रीतीने केलं. फक्त 'लवकर ये' म्हणाली नाही.

वहिनी पिशवी भरत होती तेव्हा मी खोलीत होते. तिने हिवाळ्याची शालही पिशवीत घातली.

"गायत्रीताई, मी फक्त मोगराले पानी टाकं. तुम्ही देखं ना खिडकीमाईन?"

"देखं."

"मंग आत्याबाईस्ले..."

बाहेर भाग्येशने गाडी चालू केली. मी म्हणाले, "सांगसू."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आधी तुम्हनी परीक्षा व्हई जाऊ द्या."

३० एप्रिल, बुधवार

अखाजी. घागर पूजली, पितरांना आंबा ठेवला. माय आणि मी मिळून सांजोऱ्या केल्या, दोघींच्या बोटांना सारखेच चटके बसले. गल्लीतल्या माहेरवाशिणींचा झोका दुपारभर चालू होता.

संध्याकाळी मायने मला मागे नेलं. लिंबाची, सीताफळाचीही पानं आता वळू लागली आहेत. गुलाब गेला. मोगरा मात्र गच्च फुलला आहे.

"देख," माय म्हणाली, "बठ्ठा झाडं मरी ऱ्हायनात, नि तिना मोगरा फुली ऱ्हायना. त्यानीच खाधं यास्ले."

मोगऱ्यावर कीड नव्हती म्हणून मी त्याच्यावर फवारलं नव्हतं. वहिनीने पाणी घातलेलं एकमेव झाड तेच, आणि धड राहिलेलं एकमेव झाडही तेच. याहून सरळ गोष्ट नाही. एका वाक्यात सांगता आली असती. पण मग मायने विचारलं असतं की बाकीच्यांवर तू काय फवारलंस. आणि अजून पुरावा नाही.

मायने फुलं तोडली नाहीत. मलाही तोडू दिली नाहीत.

३ मे, शनिवार

एका डब्यात चार रोपं आली, दुसऱ्यात तीन. शेवटचा पेपर झाला. बरा गेला असावा. तिसऱ्या प्रश्नात एक आकडा चुकला, तो घरी आल्यावर आठवला.

६ मे, मंगळवार

गल्लीतल्या सगळ्या सुना परत आल्या. अखाजी झाली की चार-पाच दिवसांत सासरचं कुणीतरी घ्यायला जातं. सून आपल्या पायाने येत नाही, तसं आलं तर माहेरची मान खाली जाते. आमच्याकडून कुणी गेलं नाही.

जेवताना मायच म्हणाली, "हेमकांत, घाई नको करू. ऱ्हाऊ दे तिले म्हसावदले. पावसाळा लागू दे."

दादा ताटाकडे बघत म्हणाला, "तू सांगशी तव्हय जासू."

भांडण झालं नाही. कुणी आवाज चढवला नाही. आबांनी भाकरी अर्धी ठेवली आणि हात धुवायला उठले. उन्हाने भूक मेली असेल, बेचाळीसच्या वर आहे.

१० मे, शनिवार

काल सकाळी तीन रोपांच्या डब्यावर पंपातलं पाणी मारलं. चार रोपांचा डबा दूर ओट्यावर ठेवला. कुणी विचारलं तर कॉलेजचं काम म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. निकाल कधी लागेल ते विचारलं. मोगऱ्याला पाणी मिळतं का ते विचारलं. दादाने शर्टाचं तुटलेलं बटण लावून घेतलं का ते विचारलं. मी तिन्हींची उत्तरं दिली. मग तिने "ठेवस मंग" म्हणून फोन ठेवला.

१३ मे, मंगळवार

तिन्ही रोपं वळली. पानं पपईसारखीच सुतळीसारखी. ओट्यावरची चारही सरळ आहेत. आता खात्री झाली.

वाटलं होतं की खात्री झाली की लगेच जाऊन सांगेन. तशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेही. माय डाळ निवडत होती. मी मनात वाक्य जुळवत उभी राहिले. 'माय, पंप बदलला होता.' ती विचारेल, कुणी बदलला. 'माय, पंपात गवताचं औषध होतं.' ती विचारेल, कुणी भरलं. मला असं वाक्य पाहिजे ज्यात वहिनी सुटेल आणि आबांचं नाव येणार नाही. आबांना वाचता येत नाही हे सगळ्यांसमोर मी कसं म्हणू? त्यांनी 'येस ना' म्हटलं होतं ते माझ्याकडे बघून, मोठ्या आनंदाने.

माय म्हणाली, "काय पाहिजे?"

मी पाणी मागितलं.

१६ मे, शुक्रवार

पंपांच्या खोलीत गेले. दोन्ही पंप धुण्याच्या सोड्याने धुऊन उन्हात उलटे घातलेले होते. माझे दोन्ही कागद निघाले आहेत, उन्हाने चिकटपट्टी सुटली असणार. एका पंपाच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधली आहे, मायच्या जुन्या लुगड्याची. दादाने बांधली असेल.

आबा हल्ली औषधाच्या बाटल्या एकेक करून माझ्याकडे आणतात. "हाई काय लिखेल शे, वाची दाखाड." मी वाचते. ते ऐकतात आणि तरी उभेच राहतात, जणू खाली आणखी काही लिहिलेलं आहे. डोळे कमी झाले असतील. शहाद्याला नेऊन चष्म्याचं बघायला हवं.

१९ मे, सोमवार

मायने चारही पपया स्वतः तोडल्या. दादा कोयता घ्यायला पुढे आला तर त्याला म्हणाली, "तू दूर ऱ्हाय." पपईचं खोड मऊ असतं, दोन घावांत आडवं होतं. चीक तिच्या हातांवर, मनगटांवर ओघळला. एका झाडाला तीन कच्ची फळं होती, ती तिने पदरात घेतली आणि मग कुठे ठेवावीत ते न कळल्यासारखी उभी राहिली. मी घेतली तिच्याकडून. तिच्या हातांना चीक लागून खाज सुटली होती, मी गोडं तेल लावलं. ती म्हणाली, "तुन्हा हात थंड शेत," आणि हात तसेच माझ्या हातात ठेवले.

तेव्हाही मी बोलले नाही. त्या वेळी बोलणं क्रूरपणाचं झालं असतं, असं मला वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही.

संध्याकाळी दादाला भाग्येशचा फोन आला. पुढच्या सोमवारी, २६ तारखेला, त्याचे वडील आणि गावातले दोघं येणार आहेत. सून नांदवायची आहे की नाही ते एकदा चारचौघांत सांगा, म्हणाले. माय म्हणाली, "येऊ दे. मी भी सांगसू चार जनस्मा." दादा बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी त्याच्याजवळ गेले तर म्हणाला, "तू जा, अभ्यास कर." परीक्षा संपून सोळा दिवस झाले आहेत, हे त्याच्या लक्षात नाही.

चारचौघांत विटाळाची गोष्ट निघाली की ती परत आत जात नाही. वहिनी ज्या घरात जाईल तिथे ती तिच्याआधी पोचलेली असेल.

२१ मे, बुधवार

आबांना सांगितलं.

ते बांधावर बसून दाऱ्याची वाट बघत होते, उसाला पाणी यायला वेळ होता. मी सरळ म्हणाले, "आबा, पंप बदलाई गया व्हता."

"मले माहीत शे."

"कव्हयपाईन?"

"पपईनं पान वळनं तव्हयपाईन. तीस वरीस दवा मारी मी. वळेल पान मी नई वळखाव?"

मी खाली बसले. विचारलं, "मंग मायले काबर नई सांगं?"

आबा कोरड्या सरीतलं ढेकूळ फोडत म्हणाले, "सांगतू तर ती विचारती, चिंधी कोनी काढी, कागद कोनी चिटकाडा. मंग सांगती, शिकीसन हाईच करं का. आठेच बसाडी ठेवती तुले. नंदुरबारनं नाव निघतं नई."

नंदुरबारला एम.एस्सी.ला जायचं आहे. मायने अजून हो म्हटलेलं नाही.

"नि तू?" त्यांनी विचारलं. "तू काबर नई सांगं?"

"तुमनाकरता. तुम्हले वाचता येत नई, हाई बठ्ठास्ले समजतं."

आबा हसले. खरंच हसले. "पोरी, मले वाचता येत नई हाई तुन्ही मायले लगीनपाईन माहीत शे. आखं कळसाडी गावले माहीत शे. तुलेच मी 'येस' सांगं. तू इतला हौसनी लिखं व्हतं."

मी म्हणाले, "आनि वहिनी?"

त्यांचं हसू गेलं. "ती समजदार पोर शे," ते म्हणाले. "सहन करी लेस. तुन्हा अर्ज भराई जाऊ दे. मंग दोन्ही जन सांगूत."

अर्जाची मुदत ३१ मेपर्यंत आहे. म्हसावदची माणसं २६ ला येणार. आबांना दोन्ही तारखा माहीत आहेत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सरीत पाणी आलं, ते उठले आणि खोऱ्याने बांध फोडायला गेले.

आबा माझ्यासाठी गप्प राहिले, मी आबांसाठी. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. आम्ही दोघांनी एकमेकांवर इतकी माया केली आणि ती सगळी वहिनीने भरली.

२३ मे, शुक्रवार

काल सांगायचं होतं. मायचे हात सुजले होते, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले चिकाने झालं आहे, दोन दिवसांत उतरेल. आज माय मावशीकडे लग्नाला गेली, उद्या संध्याकाळी येईल. उद्या दिवसभर उसाला पाणी आहे, आबा आणि दादा वावरात असतील. ही सगळी कारणं खरी आहेत. मागच्या पस्तीस दिवसांतलं प्रत्येक कारण खरं होतं, मी पानं उलटून बघितली.

आबांना सांगणार नाही. सांगितलं तर ते थांब म्हणतील आणि मी थांबेन.

वहिनीला फोन करून सांगावं असं वाटलं. मग वाटलं, आधीच एकदा 'सांगसू' म्हणून झालं आहे.

माय काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित विश्वासच ठेवणार नाही. म्हणेल, भावजयीला वाचवते. वळलेल्या कपाशीचा डबा दाखवीन, त्यावर ती म्हणेल ही कपाशीसुद्धा विटाळ झालेल्या याच घरात वाढली. कदाचित विश्वास ठेवेल आणि मग नंदुरबार राहील. यातलं काहीच माझ्या हातात नाही. कधी बोलायचं तेवढं आहे.

रविवारी चौघेही घरी असू. माय पहाटे उठते, दादा सातला चहा पिऊन बाहेर पडतो. त्याच्या आत. लगेच म्हसावदची गाडी पकडली तर दादा वहिनीला आणायला दुपारपर्यंत पोचेल आणि सोमवारी कुणाला यावं लागणार नाही.

मायला सांगायची वेळ: रविवार, २५ मे, सकाळी साडेसहा.